दुसऱ्या नारळाची मालकीण

माझ्या आईला कुणी विचारलं की तुमचं माहेर कुठलं, तर ती शांतपणे सांगते, "समुद्र." विचारणारी बाई हसते, आई हसत नाही, आणि हळदीकुंकू पुढे सरकतं. लहानपणी मला हे उत्तर फार आवडायचं. वर्गातल्या इतर मुलींचे मामा चिपळूणला नाहीतर देवरुखला असायचे. माझा मामा म्हणजे थेट अरबी समुद्र. एकदा 'माझे आजोळ' या निबंधात मी तसं लिहिलंही, आणि हातावर पट्टी खाल्ली.

आता खरी गोष्ट सांगते. आईला रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या एका बागायतदार जोडप्याने वाढवलं. त्या काळी मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवासी बोटी यायच्या. पावसची आजी अशाच एका बोटीने एकटी रत्नागिरीला परतत होती. मुंबईला बोटीत चढताना तिच्यापाशी एक वळकटी आणि एक पितळी डबा होता. रत्नागिरीला उतरताना वळकटी, डबा आणि पाच-सहा महिन्यांची एक मुलगी. तीच माझी आई. आईचं लग्न ठरल्यावर आजीने तिला माजघरात बसवून एवढंच सांगितलं, "एका बाईनं तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती उतरून गेली." कुठल्या बंदरात उतरली? आठवत नाही. कशी होती? आठवत नाही. पुढे आजी वारली आणि विचारायलाही कुणी उरलं नाही.

आईने हा विषय कधी काढला नाही. मग पंचाहत्तरी उलटल्यावर एका सकाळी मुडदुशे साफ करता करता, खवल्यांवरची नजर न उचलता ती म्हणाली, "मला टाकलंनी, की मी हरवले, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं. दोन्हीपैकी काहीही चालेल. पण कळायला हवं."

दोन्हीपैकी काहीही चालणार नव्हतं हे तिच्या सुरीवरून दिसत होतं. मी शाळेत इतिहास शिकवते आणि आमच्या हौशी नाटकमंडळीत खाष्ट सासवांची कामं करते. यातली एक बाई पुरावा शोधते आणि दुसरी बाई कुणाला सोडत नाही. त्या सकाळी दोघींनी मिळून ठरवलं की हे शोधून काढायचंच.

माझी नणंद परदेशात असते. तिकडे लोक हौसेने नळीत थुंकी भरून पाठवतात. मग कंपनी तुमच्या रक्ताची खूण लाखो लोकांच्या खुणांशी ताडून पाहते आणि कोण तुमचं किती जवळचं ते सांगते. त्या वर्षी नणंद येताना दोन संच घेऊन आली. सूचना सोपी होती: अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग रेघेपर्यंत थुंकायचं.

"एवढंच?" आई म्हणाली. "ह्यासाठी परदेशी डबा कशाला हवा होता?"

पण चार माणसांसमोर थुंकायला ती तयार होईना. आम्ही सगळे बाहेर गेलो. दार लावलं. दहा मिनिटांनी तिने रेघेच्या वर बोटभर भरलेली नळी विजयी मुद्रेने आणून दिली. नणंदेने ती परत जाताना नेली. दोन महिन्यांनी कंपनीचा निरोप आला: नमुना तपासण्यायोग्य नाही.

"आई, काही खाल्लं होतंस?"

"काऽही नाही. फक्त मिश्री लावली होती."

आमच्याकडच्या जुन्या बायका भाजलेल्या तंबाखूची ही मिश्री दातांना लावल्याशिवाय देवाशीसुद्धा बोलत नाहीत. सूचनेत मिश्रीचं नाव नव्हतं आणि मिश्री खायची वस्तू नव्हे, सबब आईची चूक नव्हती. कंपनीने आधी कोकणात यायला हवं होतं, असं तिचं म्हणणं पडलं.

माझ्याकडे दुसरा संच होता आणि धीर नव्हता. मी विचार केला, माझ्यात निम्मी आई आहेच की! मी थुंकले, सोळाशे रुपये कुरिअरला घातले आणि दीड महिन्याने माझ्यासमोर नातेवाइकांची यादी उघडली. बहुतेक लांबचे. पण एक बाई त्यातल्या त्यात जवळची, आणि तिचं घर दापोलीचं! मी संदेश पाठवला, तिने आजीचा पत्ता दिला, आणि एका रविवारी मी हापूसची पेटी मांडीवर घेऊन दिवसभर एसटीचे हादरे खात दापोलीला पोचले. आईला काही सांगितलं नाही. थेट मावशी हाताला धरून घरी न्यायची, असा माझ्या डोक्यात शेवटचा प्रवेश तयार होता.

त्या घरच्या म्हाताऱ्या आजींनी मला पोटभर जेवू घातलं. मी हुंदका आवरत, आवाज जरा खाली घेत, बोटीची गोष्ट रंगवून सांगितली. घरातल्या बायकांनी डोळे पुसले. आजी मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"तुझ्या बापसाचं गाव कुठलं गो?"

मी सांगितलं.

"अगो, मग तू त्या वरच्या वाडीतल्या भाऊची मुलगी! तुझ्या बापाला पाटावर घेऊन न्हाऊ मी घातलंय! नाक बघ की, तेच ते. मी मघापासून म्हणते हे नाक कुठं बघितलंय!"

दिवसभर एसटीने जाऊन मी माझ्याच वडिलांच्या आतेबहिणीकडे जेवून आले. माझ्यात निम्मी आई होती हे बरोबर, पण उरलेले निम्मे वडील होते आणि त्यांच्या माणसांनी पहिला नंबर लावला होता. आमच्याकडे सात-आठ गावांतच सोयरिकी फिरत राहतात, त्यामुळे यादीत जो तो एकमेकांचा कुणीतरी लागतो. मी आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा उलटा करून त्यावर वंशवृक्ष मांडला होता. तो वृक्ष न दिसता करवंदाची जाळी दिसायला लागली. आईला शेवटी सगळं सांगावं लागलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी माझीच थुंकी घे. आणि पेटी फुकट घालवलीस ती वेगळीच."

पुढच्या वर्षी तिसरा संच आला. आदल्या रात्रीच मी मिश्रीची डबी माझ्या पर्समध्ये घातली आणि पर्स उशाला घेऊन झोपले. सकाळी आईने घर पालथं घातलं. मला तिने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. अर्धा तास मी घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसले आणि ती माझ्याकडे, मी आजवर रंगवलेल्या सगळ्या सासवांना लाजवेल अशा नजरेने बघत राहिली. नळी मात्र रागाच्या भरात पटकन भरली.

यादी आली तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. सगळ्यात वर एक मुलगी. वय पंचविशीच्या आसपास, नोकरी परदेशात. कंपनीने इंग्रजीत एक मोघम नातं लिहिलं होतं, ज्यात आमची चुलत, मामे, आते, मावस सगळी भावंडं एकाच पोत्यात कोंबलेली असतात. पण जुळलेल्या खुणेचा हिस्सा मोठा होता. आई एवढी म्हातारी आणि ही एवढी लहान, म्हणजे भावंड तर नव्हे. एवढा हिस्सा जुळतो म्हणजे भावाची किंवा बहिणीची नात.

मी संदेश लिहिला. या वेळी हुंदके नाहीत, रंगवणं नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मुलगी मोठी चटपटीत निघाली. तिने गंमत म्हणून चाचणी केली होती. तिच्या आईकडच्या एका मावसभावानेही केली होती आणि तो माझ्या आईशी अजिबात जुळत नव्हता. म्हणजे नातं तिच्या वडिलांकडून. वडिलांची आई घाटावरची. उरले एकटे आजोबा. आजोबांचं गाव हेदवीच्या अलीकडे. आजोबा ऐंशीच्या पुढचे, हयात, ऐकायला कमी.

मी पुठ्ठ्यावर करवंदाची जाळी सोडून कोऱ्या कोपऱ्यात दोन चौकोन काढले. एकात आई. शेजारी तिचा भाऊ. मध्ये रेघ मारली आणि ती पुन्हा एकदा गिरवली.

मुलीने तिच्या वडिलांचा नंबर दिला. म्हणजे माझ्या मामेभावाचा. मी फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओटीपी मागणार आहात का?"

"नाही हो."

"मग हे बघा ताई. आमच्या घरातली कुठलीही मुलगी कधी हरवलेली नाही. बाबांच्या तोंडून मी असं कधी ऐकलेलं नाही."

"बाबांना एकदा विचारून बघा ना."

"त्यांना या वयात त्रास नको. आणि स्पष्टच बोलतो, राग मानू नका. आमच्या सातबाऱ्यावर आधीच सतरा नावं आहेत. अठरावं नको."

"मी हक्क सोडल्याचं लिहून देते. स्टॅम्पपेपर माझा."

"जे लिहून देतो म्हणतात तेच पुढे येतात," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पुन्हा दोनदा लावला. तिसऱ्यांदा नंबर लागेनासा झाला. मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती खचेल. ती सुपारी कातरत होती, तशीच कातरत राहिली.

"त्याचं काय चुकलं? उद्या आपल्या दारात कुणी आलं तर तू काय करशील? जागेचे कागद कुठे ठेवलेत तेच आधी बघशील." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "पण विचारणार मी त्या म्हाताऱ्यालाच. मला एकच प्रश्न विचारायचाय. तो दारात उभं राहूनसुद्धा विचारता येतो."

दारात उभं कसं राहायचं, हा प्रश्न मी सोडवला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते. ज्या घरी पालखी बसते त्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, त्या दिवशी सगळं गाव येतं, आणि हातात नारळ घेऊन देवीची ओटी भरायला आलेल्या बाईला 'तू कोण' म्हणून कुणी अडवत नाही. कुणाची छाती नाही. कोर्टाच्या हुकमापेक्षा तो नारळ बळकट. परदेशातल्या त्या भाचीला मी विचारलं, तुमच्याकडे पालखी कधी? तिने लगेच कळवलं: चौथ्या दिवशी सकाळी. शेवटी लिहिलं होतं, 'बाबांना सांगणार नाही. मला व्हिडिओ पाठवा.'

त्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. गाडी मी चालवते तेव्हा आई डोळे मिटून बसते. जयगडला फेरीबोटीत गाडी चढली तेव्हा तिने ते उघडले. खाडीच्या तोंडाशी पाणी रुंद आहे. पलीकडे तवसाळचा डोंगर. ती खिडकीची काच खाली करून बघत राहिली. हातात पिशवी: नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. मी आदल्या दिवशी मुद्दाम मोठा नारळ घेतला होता. तिने तो परत करून मध्यम आणला. "मिरवायला चाललो नाही," म्हणाली.

घर सापडायला कष्ट पडले नाहीत. ढोल ऐकत गेलो. चिऱ्याचं लांबट घर, शेणाने सारवलेलं खळं, मांडव, मुंबईहून आलेली पोरं पालखी खांद्यावर घेऊन नाचवत होती. मग पालखी पाटावर बसली. मामेभावाने मला ओळखायचं कारण नव्हतं. त्याने मला फोनवर ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आम्ही बायकांच्या रांगेत उभ्या राहिलो आणि मी डाव्या हातातल्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. ओसरीवर खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी त्यांचं नाक बघितलं. मग आईचं बघितलं. दापोलीच्या आजींना बोलवायला हवं होतं.

आधी घरची ओटी. घरच्या सुनेने सूप पुढे केलं. त्यात दोन नारळ होते, दोन खण. मला वाटलं, दोन सुनांचे असतील. गुरवाने पहिला नारळ देवीपुढे ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. घरच्या धन्याला, पोराबाळांना, गुराढोरांना, मुंबईतल्या चाकरमान्यांना सुखी ठेव. दर वाक्याला सगळं खळं म्हणत होतं, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणत होते, असल्या ठिकाणी माझा आवाज आपोआप चढतो.

मग गुरवाने दुसरा नारळ उचलला.

"आनि बाय माझे, ह्या घरची जी लेक वाटेत ऱ्हायली, ती जिथं आसंल तिथं तिला राख. तिच्या पोटाला कमी पडू देव नको. आनि तिची वाट तिला गावू दे, बाय माझे."

"व्हय म्हाराजा!" खळं म्हणालं.

शेजारी आईच्या हातातली पिशवी खाली गेली. नारळ सारवणावरून गडगडत पालखीच्या पाटाला जाऊन लागला. सगळे वळून बघायला लागले.

मी घरच्या सुनेला विचारलं, "हे दुसरं गाऱ्हाणं कुणाचं?"

"ते आमच्यात पयल्यापासनं हाय. लांब दिलेल्या लेकींसाठी असतं ना," ती म्हणाली. "सासूबाईंच्या सासूनं लावलेली रीत. दुसरा नारळ चुकवायचा नाही."

आई रांग सोडून ओसरीपर्यंत गेली होती. चार पायऱ्या ती एकटीने चढली. म्हाताऱ्यांच्या खुर्चीपाशी वाकली आणि त्यांच्या कानाशी, पण सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमची बहीण वाटेत राहिली ती कुठे?"

मामेभाऊ पुढे धावला. मी त्याच्या आडवी आले. सासूच्या भूमिकेतला उजवा हात मी नुसता वर केला, तो थांबला.

म्हातारे आईकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं, जसं बाजारात सुरमई बघतात तसं.

"जयगडला," ते म्हणाले. "बोट लांब उभी ऱ्हायली. समुद्र खवळलेला. आईनं मला काखेत घेतलंन्, बोचकं डोक्यावर. शेजारच्या बाईला म्हनाली, बाय, जरा धरा हिला, खाली उतरले की द्या. आमी धक्क्यावर न्यायच्या लहान पडावात उतरलो आनि लाटेनं पडाव लांब गेला. बोटीनं भोंगा दिला. आई उडी टाकीत होती, दोघांनी धरलीन् तिला. दुसऱ्या दिवशी बाबा चालत रत्नागिरीला गेले. धक्क्यावर आठ दिवस बसले. कुनी सांगितलं न्हाई."

"मी पावसला होते," आई म्हणाली. "कितीसं लांब पावस."

"आईनं घरात बोलायचं न्हाई म्हनून शपत घातलीन्. फकस्त नारळ ठेवायचा." ते अजून हनुवटी सोडत नव्हते. "एवढा उशीर लावलास गो?"

"बोट तुमची सुटली, माझी नाही," आई म्हणाली. आणि मग ती त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, आणि मला नीट सांगता येत नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत. ढोलवाल्यांना थांबायचं की वाजवायचं कळेना, तेव्हा गुरवानेच वाजवा म्हणून खूण केली. मामेभाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुम्ही त्या फोनवाल्या ताई का?" मी पर्समधून स्टॅम्पपेपर काढला, मी खरोखरच नेला होता. तो त्याने घेतला नाही. म्हणाला, "पोरीला व्हिडिओ पाठवला का?" मी हो म्हटल्यावर कपाळावर हात मारून घेतला. मग त्याने वडिलांना जोरात विचारलं, "बाबा, मग पुढल्या वर्षीपासून नारळ एकच ठेवायचा का?"

"दोनच," म्हातारे म्हणाले. "एक ती ठेवंल."

निघताना घरच्या सुनेने आईला पाटावर बसवून तिची ओटी भरली: तांदूळ, नारळ, खण, वर मूठभर काजूगर. माहेरवाशिणीची ओटी. एवढ्या वयात तिला ती पहिल्यांदा मिळत होती. पदराची खोळ कशी धरायची हे मात्र तिला कुणी सांगावं लागलं नाही.

फेरीबोटीवर आम्ही गाडीतून उतरून कठड्याशी उभ्या राहिलो. मला मघापासून एक प्रश्न छळत होता आणि मी तो विचारून टाकला. "पावसच्या आजीला ठाऊक असणार ना, बंदर कुठलं ते?"

"असणारच," आई म्हणाली. "जयगडनंतर लगेच रत्नागिरी येते. विसरायला मध्ये काही नाही." ती पाण्याकडे बघत होती. "तीन वेळा पोट रिकामं झालं होतं तिचं. मांडीवर पोर आलं, आणि बोट चालायला लागली. धक्क्यावर गप्प राहिली, झालं. चुकलंच तिचं." मग म्हणाली, "पुढल्या आठवड्यात पावसला जाऊ. तिथल्या देवीचीही ओटी भरायची राहिलीय."

वारा जोराचा होता. तिने दोन्ही हातांनी पदराची ओटी पोटाशी धरली होती, त्यामुळे कठडा धरायला हात नव्हता आणि बोट हलली की ती डुलायची. मी हात पुढे केला.

"दे ती इकडे. मी जरा धरते."

आईने माझ्याकडे मिश्रीच्या दिवशी बघितलं होतं तसं बघितलं.

"ह्या पाण्यावर नाही," ती म्हणाली, आणि पदर आणखी घट्ट आवळला.